‘मूळ’ : एक शब्द, तीन शास्त्रें

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये म्हणतात. शब्दाच्या मुळास मात्र हा निषेध नाहीं. आणि खुद्द ‘मूळ’ हाच शब्द घेतला, तर विद्यार्थ्याला तो शाळेंत तीन तासांना तीन रूपांनीं भेटतो व हटकून फसवितो.

गणितांतला अर्थ फार जुना. आर्यभटानें इ. स. 499 च्या सुमारास वर्गमूळ काढण्याची रीत दिली. नवव्या शतकांत अल्-ख्वारिझ्मीनें अरबींत त्याच अर्थाचा ‘जिध्र’ शब्द योजिला. लॅटिन भाषांतरकारांनीं त्याचें ‘राडिक्स’ केलें. आपला मुळा आणि इंग्रजांचा रॅडिश हे या शब्दांचे बाजारांतले भाऊबंदच होत! ज्या संख्येपासून वर्ग वाढला ती त्याचें मूळ, ही उपमा सुरेख खरी. पण ती ताणूं नये. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत सांगितलें कीं, धन संख्येस मुळें दोन, एक धन व एक ऋण. ऋण संख्येस मूळच नाहीं.

वनस्पतिशास्त्रांत जमिनींत असेल तें मूळ, अशी घरोघर समजूत आहे. ती चुकीची. आलें जमिनींत वाढतें, पण त्याला पेरीं असतात. म्हणून तें खोड. वडाच्या पारंब्या अधांतरीं लोंबतात, तरी त्या मुळेंच. भाईंदरच्या खाडीकांठीं तिवरांचीं मुळें तर चिखलांतून वर डोकें काढून हवा घेतात. तेव्हां येथें जागा पाहूं नये, घडण पाहावी.

भूशास्त्रांत नेमकें उलट. तेथें जागाच महत्त्वाची. हा अर्थ सर्वांत धाकटा, आणि त्याचा उगम हिंदुस्थानच्या भूमापनांत आहे. कलियाना व कलियानपूर या ठाण्यांचें अक्षांशांतर जमीन मोजून एक आलें, ताऱ्यांच्या वेधांनीं दुसरें, तफावत 5.236 विकलांची. हिमालयाच्या ओढीनें ओळंबा कलला असावा, म्हणून प्रॅट यांनीं त्या ओढीचें गणित केलें, तों उत्तर आलें 15.885 विकला, म्हणजे तिप्पट! मग हिमालय पोकळ कीं काय? 1855 मध्यें एअरी यांनीं सुचविलें कीं, जाड ओंडका जसा पाण्यांत अधिक खोल बुडतो, तसा पर्वताखालीं हलका खडक खोलवर गेलेला असतो. जड द्रव्याची जागा त्यानें घेतल्यामुळें ओढ घटते. पर्वताचें मूळ तें हेंच. पुढें भूकंपलहरींवरून तिबेटखालीं भूकवच सुमारें 70 किलोमीटर जाड असल्याचें दिसून आलें.

उत्तनजवळच्या डोंगरी गांवच्या टेकड्यांना असें मूळ शोधूं नये. एवढेंसें ओझें भूकवच आपल्या ताठपणावरच तोलून धरतें.