टेप ड्राइव्हची जुळणी (युनिक्स)

टेप ड्राइव्हची जुळणी म्हणजे चुंबकीय फितीवर डेटा लिहिणारे व वाचणारे उपकरण युनिक्स वर्कस्टेशनच्या कार्यप्रणालीला ओळखता येईल अशा रीतीने जोडणे होय. उपकरणाची माहिती कार्यप्रणालीत आधीपासून नोंदलेली नसेल, तर त्या ड्राइव्हला 'असमर्थित' म्हणतात. अशी ड्राइव्ह निरुपयोगी नसते. मात्र तिचे गुणधर्म व्यवस्थापकाला स्वतः नोंदवावे लागतात.

पार्श्वभूमी

१९८० आणि १९९० च्या दशकांत सन, सिलिकॉन ग्राफिक्स, एचपी व आयबीएम या कंपन्यांच्या वर्कस्टेशनवर बॅकअपसाठी टेप हेच प्रमुख साधन होते. पाव इंची फीत वापरणारी क्यूआयसी, ८ मिलिमीटर फितीची एक्साबाइट, ४ मिलिमीटर फितीची डीडीएस, पुढे डीएलटी आणि २००० पासून एलटीओ असे प्रकार प्रचलित झाले. वर्कस्टेशनचे उत्पादक स्वतः विकलेल्या ड्राइव्हचीच नोंद कार्यप्रणालीत करीत. त्यामुळे बाजारातून स्वतंत्रपणे घेतलेली ड्राइव्ह पुष्कळदा अनोळखी ठरे.

ओळख पटण्याची रीत

बहुतेक ड्राइव्ह स्कझी मार्गिकेवर जोडल्या जात. यंत्र सुरू होताना कार्यप्रणाली प्रत्येक उपकरणाला त्याची ओळख विचारते. उत्तरात उत्पादकाचे नाव ८ अक्षरांत, उपकरणाचे नाव १६ अक्षरांत आणि आवृत्ती ४ अक्षरांत येते. नाव लहान असल्यास उरलेल्या जागा रिक्त अक्षरांनी भरलेल्या असतात. नोंद करताना यातील एक रिक्त जागा चुकली, तरी नाव जुळत नाही व नोंद निष्फळ ठरते.

कार्यपद्धती

प्रथम ड्राइव्हला मार्गिकेवरील मोकळा क्रमांक द्यावा लागतो. सनच्या यंत्रांवर टेपसाठी ४ व ५ हे क्रमांक वापरण्याचा प्रघात होता. मार्गिकेची दोन्ही टोके टर्मिनेटरने बंद असणे आवश्यक असते. यानंतरची रीत प्रणालीनुसार बदलते.

* सनओएस ४ मध्ये ड्राइव्हचा तक्ता कर्नलच्या स्रोतफाइलमध्ये असे. त्यात भर घालून कर्नल पुन्हा बांधावा लागे.
* सोलारिसमध्ये ही माहिती 'एसटी' ड्रायव्हरच्या मजकूर-फाइलमध्ये लिहितात. ड्राइव्हचे नाव, प्रकार, ब्लॉकचा आकार, क्षमतादर्शक खुणा आणि घनतेचे संकेतांक नोंदवून यंत्र पुनर्जुळणीच्या पर्यायासह सुरू करतात.
* एआयएक्समध्ये अनोळखी ड्राइव्हसाठी 'इतर स्कझी टेप' असा सर्वसाधारण प्रकार उपलब्ध आहे.

जुळणी झाल्यावर 'एमटी' या आज्ञेने ड्राइव्हची स्थिती तपासतात.

संभाव्य धोके

ड्राइव्ह ओळखली गेली म्हणजे बॅकअप सुरक्षित झाला, असे नाही. काही ड्राइव्ह ठरावीक आकाराचेच ब्लॉक स्वीकारतात. क्यूआयसीमध्ये हा आकार ५१२ बाइट असतो. इतर काहींना बदलता आकार चालतो. 'टार' ही आज्ञा सामान्यतः १०,२४० बाइटचे ब्लॉक लिहिते. वाचणाऱ्या यंत्रावर वेगळी योजना असल्यास फीत निर्दोष असूनही वाचता येत नाही. ड्राइव्हमधील डेटा-संक्षेपाची पद्धतही दोन्ही ठिकाणी जुळावी लागते.

युनिक्समध्ये एकाच ड्राइव्हला अनेक नावे असतात. एका नावाने काम केल्यास शेवटी फीत आरंभाशी गुंडाळली जाते, तर दुसऱ्या नावाने ती आहे तेथेच थांबते. दुसरा बॅकअप घेताना पहिल्या प्रकारचे नाव वापरले गेले, तर आधीचा बॅकअप पुसला जातो. नव्या लेखनाच्या शेवटी 'डेटा समाप्त' अशी खूण पडत असल्याने तिच्यापुढचा जुना मजकूर शाबूत असला तरी बहुतेक ड्राइव्ह तो वाचत नाहीत. म्हणून लहान संग्रह लिहून, फीत आरंभाशी आणून, तो परत वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहणे हा जुळणीचा अविभाज्य भाग मानला जातो.

सातारा व सांगली परिसरातील महत्त्व

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा नदी सातारा जिल्ह्यातून पुढे सांगलीला जाते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी सांगली शहराला महापुराचा तडाखा बसला. अशा प्रदेशात बॅकअपची फीत मूळ यंत्राच्याच इमारतीत ठेवल्यास दोन्ही एकाच वेळी नष्ट होण्याचा संभव असतो. सांगलीत लिहिलेली एक प्रत सुमारे १२० किलोमीटर दूर असलेल्या सातारा शहरात उंचावरील जागी ठेवणे, हा त्यावरील साधा उपाय होय. मात्र साताऱ्यातील ड्राइव्हवर तीच फीत वाचून पाहिलेली असेल, तरच या प्रतीला अर्थ उरतो. ड्राइव्ह असमर्थित असल्यास तिची नोंद केलेली फाइल कागदावर छापून फितीसोबत ठेवणे हितावह असते. कारण आपत्तीनंतर नव्या यंत्रावर तीच जुळणी पुन्हा करावी लागते.

साठवणीत आर्द्रतेचाही विचार करावा लागतो. एलटीओ फितींच्या दीर्घकालीन जतनासाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य समजली जाते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे फिती हवाबंद पेटीत आर्द्रताशोषकासह ठेवणे आवश्यक ठरते.

सद्यस्थिती

हार्ड डिस्क व दूरस्थ साठवण यांमुळे व्यक्तिगत वापरातून टेप जवळजवळ नाहीशी झाली आहे. मोठ्या संस्थांच्या दीर्घकालीन संग्रहासाठी एलटीओचा वापर सुरू आहे. यंत्रातून काढून ठेवलेल्या फितीपर्यंत संगणकीय विषाणू पोहोचू शकत नाही, हा तिचा विशेष लाभ आहे. जुन्या फितींवरील डेटा परत मिळवताना मात्र असमर्थित ड्राइव्हच्या जुळणीचे ज्ञान आजही उपयोगी पडते.