तगादा, खत आणि फारखत : ऋणकोच्या संरक्षणाचा शब्दांतून दिसणारा इतिहास

(१)

कर्ज हा व्यवहार जितका आर्थिक तितकाच भाषिकही आहे. तो बोलीने ठरतो, लेखाने बांधला जातो, मागणीने जागता राहतो आणि अखेर सुटकेच्या एका लेखाने संपतो. त्यामुळे एखाद्या भाषिक समाजातील धनको-ऋणको संबंधांचा इतिहास लिहावयाचा तर दप्तरे आणि कायदे यांच्याबरोबरच त्या भाषेतील ऋणविषयक शब्दसंपत्तीही साक्षीला घ्यावी लागते. प्रस्तुत लेखात मराठीतील अशा काही शब्दांच्या आधाराने एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. घेणेकऱ्याच्या हातून आपला बचाव करण्याची कोणती साधने महाराष्ट्रातील कर्जदाराला वेळोवेळी उपलब्ध होती, आणि त्यांपैकी आज कोणती उरली आहेत?

ही साधने मुख्यतः तीन प्रकारची दिसतात. व्याजाच्या वाढीला मर्यादा घालणे हे पहिले, वसुलीच्या रीतीला मर्यादा घालणे हे दुसरे आणि हिशेब मागण्याचा अधिकार हे तिसरे. उदाहरणांसाठी शक्यतो जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा, आणि त्यातही पेण तालुक्यातील वडखळच्या परिसराचा आधार घेतला आहे. मुंबई-गोवा रस्त्यापासून अलिबागचा फाटा जेथे फुटतो ते हे ठिकाण. भोवती भातशेती, खाडीलगतच्या खारजमिनी आणि मिठागरे. भरतीचे पाणी बांध फोडून आत शिरले की खाऱ्या शेतीचे पीक जाते; पण दिलेला वायदा मात्र जागच्या जागी राहतो. अशा मुलखात कर्ज हे उधळेपणाचे नव्हे, तर निसर्गाच्या लहरीचे फळ असते, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

(२)

मराठीतील ऋणविषयक शब्दांचे तीन थर स्पष्ट दिसतात. 'ऋण', 'तारण', 'व्याज' हे शब्द संस्कृतातून आलेले आहेत. 'कर्ज', 'खत', 'वसूल', 'बाकी', 'जामीन', 'जप्ती', 'तगादा', 'नादार', 'हप्ता' हे अरबी-फारसी वळणाचे. तिसरा थर 'नोटीस', 'लोन', 'रिकव्हरी' असा इंग्रजीचा. पहिल्या थरात कर्तव्याची भावना प्रधान आहे. ऋण देवांचे, ऋषींचे आणि पितरांचेही असते, आणि ते फेडावयाचे असते. दुसऱ्या थरातील बहुतेक शब्द कचेरीचे व अंमलबजावणीचे आहेत. तिसऱ्या थरात संस्था बोलते. तिला चेहरा नसतो.

'व्याज' या शब्दाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. संस्कृतात त्याचा रूढ अर्थ कपट, निमित्त, बहाणा असा आहे. 'व्याजस्तुती', 'व्याजोक्ती' ही अलंकारांची नावे त्याच अर्थाची आहेत, आणि मराठीतील 'निर्व्याज प्रेम' या प्रयोगातही तोच अर्थ टिकून आहे. पैशाच्या वाढीला संस्कृत धर्मशास्त्रात 'वृद्धि' किंवा 'कुसीद' म्हटले जाई. मराठीने, आणि हिंदी-गुजरातीनेही, मुद्दलावरील वाढीसाठी बहाण्याचा वाचक शब्द स्वीकारावा, यावरून लोकव्यवहारात या वाढीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते याचे अनुमान करण्याचा मोह होतो. शब्दार्थाच्या प्रवासावरून समाजमनाचा निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी हे खरे. तथापि एकाच भाषेत 'व्याज' आणि 'निर्व्याज' हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

या वाढीला बांध घालणारा नियम म्हणजे दामदुप्पट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पैशाचे एकदम घ्यावयाचे व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे नेऊ नये असे सांगितले आहे. धान्यादी वस्तूंची मर्यादा पाचपट आहे. तेथेच दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षास शेकडा १५, असा एक दरही दिलेला आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई उच्च न्यायालयाने दामदुप्पटीचा नियम हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला, आणि एका जुन्या धर्मशास्त्रीय संकेताला आधुनिक न्यायालयात स्थान मिळाले. गावातल्या माणसाला कायद्याचे कलम ठाऊक नसले तरी 'दामदुपटीच्या वर घेऊ नये' हे ठाऊक असे. शब्द हाच येथे कायदा होता.

(३)

दुसरे साधन वसुलीच्या रीतीविषयीचे. मनुस्मृतीत वसुलीचे पाच मार्ग सांगितले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. त्यांपैकी 'आचरित' म्हणजे घेणेकऱ्याने ऋणकोच्या दाराशी उपाशी बसणे, असा अर्थ लावला जातो. मराठीतील 'धरणे' ते हेच. येथे घेणेकऱ्याचे शस्त्र त्याचे स्वतःचे शरीर होते, आणि तो उपाशी असेतो घरातल्यांनीही अन्न घेऊ नये हा लोकसंकेत त्या शस्त्राला धार देई.

'तगादा' हा शब्द अरबी-फारसी 'तकाजा' याचे मराठी रूप. मूळ अर्थ मागणी एवढाच. परंतु पेशवाईच्या अखेरीस त्यात किती अर्थ भरला होता, हे पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालावरून कळते. नुसत्या लकड्यापासून दारावर पहारा बसविणे, जेवू न देणे, डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे, येथपर्यंतचे सर्व प्रकार या एकाच शब्दात मावत होते. सामर्थ्यवान घेणेकऱ्याला कचेरीची पायरी चढण्याची फारशी गरज नव्हती.

इंग्रजी राज्याने या खासगी बळाला आळा घातला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास भाग पाडणे हा गुन्हा ठरविला गेला, आणि त्याचे उदाहरण म्हणून धरणे धरण्याचाच उल्लेख केला गेला. परंतु ज्या हाताने धरणे उठविले त्याच हाताने घेणेकऱ्याला दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा दिला. तगादा संपला आणि जप्ती आली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या हिताचा; परिणाम उलटा. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेई, त्यात मागचे व्याज मुद्दलात मिळवी, आणि निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी. 'खत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ रेघ, लेखन. ज्याला रेघ वाचता येत नाही त्याला तीच रेघ बांधून टाकते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला तेव्हा लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता, याचे मर्म येथे आहे. जाळावयाची होती ती खते. चौकशी आयोगानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने हे मर्म ओळखले. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी तुरुंगात टाकणे बंद झाले; न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला; पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. तिसरे साधन, म्हणजे हिशेबाचा अधिकार, येथे प्रथमच स्पष्ट रूपाने पुढे आले असे म्हणता येईल.

(४)

कुलाब्याचा प्रश्न मात्र काहीसा निराळा होता. घाटावर सावकार आणि जमिनीचा धनी यांत निदान प्रारंभी अंतर होते. खोतीच्या मुलखात ही दोन्ही नाती अनेकदा एकाच दारात येऊन मिळत. मराठीतील 'कूळ' हा शब्द याची उत्तम साक्ष देतो. कूळ म्हणजे वंश. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि कूळ म्हणजे सावकाराचा देणेकरीही. खंडाची थकबाकी आणि कर्जाची बाकी एकमेकांत मिसळली की कोणत्या नात्याने आपण बांधले गेलो आहोत हे कुळाला सांगता येत नसे. त्याच्यापाशी कागद असलाच तर तो त्याने स्वतः लिहून दिलेल्या कबुलायतीचा.

वडखळहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टापूत, अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसण्याचेच थांबविले, आणि हा संप सुमारे सहा वर्षे चालला. दख्खनच्या शेतकऱ्याने खत जाळले. चरीच्या कुळाने नांगर खाली ठेवला. दोन्हींचा हेतू एकच होता : ज्या नात्यातून देणे उत्पन्न होते ते नातेच तपासावयास लावणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला.

सावकारीवरील नियंत्रणही याच सुमाराचे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना, हिशेबाचा उतारा व पावती यांची सक्ती केली. मुद्दलाहून अधिक व्याज देवविण्यास न्यायालयाला मनाई केली, म्हणजे दामदुप्पट कायद्यातच लिहिली. आणि ऋणकोचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे, त्याला धाक घालणे यांस शिक्षा सांगितली. आपण वर्णिलेली तिन्ही साधने एकाच कायद्यात प्रथम येथे एकत्र आली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानेही ती राखली आहेत.

(५)

आता आजची स्थिती पाहावयाची. आज वडखळ नाक्यावरील एखादा नोकरदार किंवा छोटा दुकानदार सावकाराकडून क्वचितच कर्ज घेतो. तो बँकेकडून, वित्तसंस्थेकडून किंवा भ्रमणध्वनीवरील एखाद्या ॲपवरून घेतो. सावकार गेला, परंतु त्याच्याबरोबर सावकारासाठी घातलेले बांधही गेले, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये घातलेल्या कलम २१-अ नुसार, व्याज फाजील आहे या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगर-बँक वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले. म्हणजे तीन साधनांपैकी सर्वांत जुने, दामदुपटीचे, आजच्या सामान्य कर्जदाराच्या हातून बव्हंशी निसटले आहे.

उरली ती दोन. वसुलीच्या रीतीबाबत रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने थकीत रकमेसाठी सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला दूरध्वनी करण्यास, तसेच शाब्दिक वा शारीरिक छळास आणि चारचौघांत अपमान करण्यास मनाई केली आहे. वसुली एजंटाच्या वर्तनाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे आणि धर्माचाराने स्त्रीने उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळते. केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले.

हिशेबाच्या अधिकारासंबंधी एक शब्द विशेष विचारार्ह आहे. 'फारखत' (फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख) हा मूळचा देण्यातून मुक्त झाल्याचा लेख. मराठीत पुढे त्याचे 'फारकत' झाले आणि काडीमोड हा अर्थ मुख्य ठरला. देण्यातून सुटका हा मूळ अर्थ मागे पडला. शब्दाचा अर्थ विसरला गेला आणि व्यवहाराची सवयही विसरली गेली. अखेरचा हप्ता भरला म्हणजे नाते संपले असे समजून बेबाकीचा दाखला न मागणारे कर्जदार आजही कमी नाहीत. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांत कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मालमत्तेचे मूळ दस्तऐवज परत करणे बंधनकारक केले, आणि संस्थेच्या दोषाने विलंब झाल्यास प्रतिदिनी ५,००० रुपये भरपाई सांगितली. ही जुन्या फारखतीचीच नवी आवृत्ती होय.

(६)

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. सत्ता बदलली तसे वसुलीचे शब्द बदलले. परंतु ऋणकोचे दौर्बल्य प्रत्येक काळात एकाच ठिकाणी राहिले. आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे ते वाचता न येणे, हे ते ठिकाण. १८७५ चा कुणबी निरक्षर होता म्हणून त्याला खत वाचता आले नाही. आजचा कर्जदार साक्षर आहे, पण त्याचे खत बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि पडद्यावर असते. तोही निशाणीच करतो, फक्त बोटाची शाई सुकावयाची राहिली नाही. ऋणपत्रे, नोटिसा आणि हिशेबाचे उतारे ऋणकोच्या भाषेत व त्याला कळेल अशा वाक्यरचनेत असावेत, हा भाषाशुद्धीचा विषय नसून संरक्षणाचा आहे. त्या दृष्टीने पेण, रोहे व अलिबाग या तालुक्यांतील जुनी खते, कबुलायती आणि फारखती यांचा भाषिक अभ्यास विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास इतिहासाची सेवा तर होईलच, पण आजच्या करारपत्रांची मराठी कशी असावी याचेही काही मार्गदर्शन मिळू शकेल.