चढत गेलेली हाक : एफएसएच नावाच्या आकड्याचा इतिहास

१/ कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावाहून अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी नागपूर गाठणाऱ्या स्त्रीच्या हाती लवकरच रक्ततपासणीचा एक कागद येतो. त्यावर एक ओळ असते : एफएसएच. हा आकडा मोठा निघाला की तो चिंतेचा मानला जातो. शरीरात एखादी गोष्ट अधिक असणे ही उणीव कशी ठरते? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास बर्लिन, रोम आणि मुंबईतील परळ असा प्रवास करतो. (धागा)

२/ एफएसएच म्हणजे पुटिका-उद्दीपक संप्रेरक. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते स्रवते. अंडाशयातील पुटिका, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या सूक्ष्म पिशव्या, त्याच्या प्रभावाने वाढतात. वाढणाऱ्या पुटिका इस्ट्रोजेन आणि इनहिबिन निर्माण करतात व त्यांचा निरोप पोहोचताच पीयूषिका हात आखडता घेते. पुटिका थोड्याच उरल्या की निरोप क्षीण होतो आणि ग्रंथी अधिक एफएसएच सोडत राहते. ओ मिळाली नाही की हाक चढत जाते, तसाच हा प्रकार.

३/ १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये बर्नहार्ड झोंडेक आणि सेल्मार आशहाइम यांनी पीयूषिकेचे अंडाशयावरील नियंत्रण प्रयोगांनी दाखवले. पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या मूत्रात हे उद्दीपक द्रव्य विपुल असते, हेही झोंडेक यांच्या ध्यानी आले. १९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू असलेल्या झोंडेक यांना पदावरून दूर केले. पुढे ते जेरुसलेमला स्थायिक झाले.

४/ जे द्रव्य एका स्त्रीच्या शरीरात निष्फळ साठत होते, ते दुसरीच्या उपयोगी पडेल काय? १९४९ मध्ये रोमच्या सेरोनो कंपनीतील पिएरो दोनिनी यांनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून ते शुद्ध स्वरूपात काढले. ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या प्रयत्नांतून त्याचे औषध झाले. त्यासाठी लागणारे मूत्र इटलीतील मठांमधल्या वृद्ध जोगिणींकडून गोळा केले जाई. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमध्ये या औषधाने पहिली गर्भधारणा साधली. आजन्म ब्रह्मचर्य पाळणाऱ्या स्त्रियांच्या देहातील द्रव्याने इतर स्त्रियांची कूस उजवली.

५/ मात्र संप्रेरक मोजणे त्या काळी कष्टाचे होते. मूत्राचा अर्क उंदरांना टोचून त्यांच्या अवयवांचे वजन करावे लागे. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने रक्तातील सूक्ष्म द्रव्ये मोजण्याची पद्धत शोधली. बर्सन यांचे १९७२ मध्ये निधन झाले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. या पद्धतीमुळेच एफएसएच हा कागदावरचा आकडा झाला.

६/ ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिच्या जन्माला तेव्हा सत्तर दिवस झाले होते. मुखोपाध्याय यांनी मूत्रजन्य औषधाने अंडाशय उद्दीपित केले आणि गर्भ गोठवूनही ठेवला होता. सरकारी समितीने त्यांचा दावा धुडकावला. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

७/ ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हस्ते भारतातील पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. हे काम परळमधीलच प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्याने झाले. संस्थेचे माजी संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांचाच असल्याचे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या चमूचा मान असा दुसऱ्याला देण्याची उदाहरणे विज्ञानात विरळाच.

८/ याच संस्थेत १९८० च्या दशकात ए. आर. शेठ आणि सहकारी एफएसएचला आवर घालणाऱ्या इनहिबिनचा शोध घेत होते. त्यांनी वीर्यद्रवातून मिळवलेल्या द्रव्याची ओळख पुढे वेगळी ठरली. इनहिबिन १९८५ मध्ये प्राण्यांच्या पुटिकांतील द्रवातून वेगळे काढण्यात आले.

९/ १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॉरफोक येथील संशोधकांनी पाळीच्या तिसऱ्या दिवशीच्या एफएसएचची उपचारांच्या फलिताशी सांगड घातली. आकडा जितका चढा, तितकी उद्दीपनानंतर स्त्रीबीजे कमी, असे दिसले. तेव्हापासून ही चाचणी रूढ झाली. इस्ट्रोजेन चढे असेल तर ते एफएसएच दाबून ठेवते आणि आकडा फसवा येतो. म्हणून इस्ट्रॅडिओलही सोबत मोजतात.

१०/ आज प्रति मिलिलिटर १० मिली-युनिटांच्या वरचा आकडा सामान्यतः चढा समजतात. चाळिशीआधी पाळी अनियमित होऊन आकडा २५ च्या वर गेला, तर अंडाशयाचे कार्य अकाली मंदावल्याची शंका घेतात. परंतु हा आकडा मुख्यतः स्त्रीबीजांच्या साठ्याविषयी बोलतो. त्यांच्या गुणवत्तेविषयी वय अधिक सांगते. तो महिन्यागणिक बदलतो. औषधाने तो खाली आणला, तरी सरलेला साठा भरून येत नाही. आणि चढ्या आकड्यानंतरही गर्भधारणा झाल्याची उदाहरणे आहेत.

११/ साठा खरोखरच संपला असेल तर? १९८४ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी अंडाशय निकामी झालेल्या स्त्रीला दुसरीच्या स्त्रीबीजापासून गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. भारतात ही वाट डॉ. हिंदुजा यांनी १९९१ मध्ये खुली केली. आता २०२१ च्या कायद्यानुसार दात्री २३ ते ३५ वर्षांची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच स्त्रीबीजदान करता येते.

१२/ ‘वांझ’ हा शब्द मराठी समाजाने शतकानुशतके स्त्रीच्याच माथी मारला. ओटीच्या आणि डोहाळजेवणाच्या प्रसंगी तिला दूर बसवले. संप्रेरकाच्या इतिहासाने त्या शब्दातील दोषारोप निराधार ठरवला. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयातील स्त्रीबीजांचा साठा ठरलेला असतो आणि तो पुढे घटतच जातो. कोणाचा लवकर, कोणाचा उशिरा. त्यात कोणाचे पाप नाही, व्रत चुकल्याची शिक्षा नाही. नागपूरहून कळमेश्वरला परतणाऱ्या स्त्रीच्या हातातील कागदावर एवढेच लिहिलेले असते, की पीयूषिका अजून हाक देते आहे आणि अंडाशयाची ओ क्षीण झाली आहे.