न्यूफाउंडलंडचा कॉड आणि शास्त्रज्ञांचा सल्ला

समुद्राचा पार दिसत नाही, म्हणून त्यातील मासळीही कधी सरणार नाही, अशी माणसाची फार जुनी समजूत आहे. ती केवळ भाबड्या मनांची समजूत नव्हती. १८८३ साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सले या नामवंत जीवशास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग यांसारख्या माशांचे साठे त्या काळच्या मासेमारीने बहुधा संपणारे नाहीत, असे मत मांडले होते. तेव्हाच्या होड्या आणि जाळी पाहता ते मत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पुढील शंभर वर्षांत मात्र होड्याही बदलल्या आणि जाळीही बदलली. त्यातून उत्तर अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर जे घडले, त्याचा इतिहास मासळीवर जगणाऱ्या प्रत्येक किनाऱ्याने वाचावा असा आहे.

कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड हे बेट आहे. १४९७ साली जॉन कॅबट तेथे पोहोचला, तेव्हा समुद्रात टोपली बुडवावी आणि मासे काढावेत इतकी तेथे मासळी आहे, असे वर्णन युरोपात गेले. त्यानंतर बास्क, पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज दर्यावर्दी तेथे कॉडसाठी जाऊ लागले. युरोपात उपवासकाळात आणि शुक्रवारी मांस वर्ज्य असे. त्या दिवसांत खारवलेला, वाळवलेला कॉड घरोघरी शिजे. पोर्तुगीज खलाशांचे या बेटाशी इतके जवळचे नाते जडले, की १९५५ साली त्यांनी सेंट जॉन्स शहरातील बॅसिलिकाला फातिमा मातेचा पुतळा अर्पण केला. साडेचार शतके या समुद्राने अनेक देशांना पोसले, तरी तो रिता झाला नाही.

दरम्यान युरोपात मासळीचे शास्त्र आकार घेत होते. १९०२ साली आठ राष्ट्रांनी एकत्र येऊन कोपनहेगन येथे समुद्राच्या संशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. मासा कोणत्याही एका राजाची हद्द मानत नाही, म्हणून त्याची मोजदादही कोणा एका राज्याला करता येत नाही, हे तिच्यामागील साधे तत्त्व होते. नॉर्वेच्या योहान यॉर्ट या शास्त्रज्ञाने माशाच्या खवल्यांवरील वलये मोजून त्याचे वय ओळखण्याच्या पद्धतीचा उपयोग केला. १९०४ साली जन्मलेली हेरिंगची एकच पिढी पुढे कित्येक वर्षे नॉर्वेच्या जाळ्यांत भरत राहिली, असे त्याने १९१४ साली दाखवून दिले. समुद्रात पिल्ले दरवर्षी सारखी जगत नाहीत. एखादे वर्ष भरभराटीचे, तर अनेक वर्षे वांझ. म्हणून आज जाळे भरले याचा अर्थ उद्याही भरेल असा होत नाही.

याच पायावर आजचा शास्त्रीय सल्ला उभा आहे. बंदरात उतरलेल्या मासळीचे नमुने घेतात आणि तिच्या कानातील बारीक खड्यांवरून वय ठरवतात. संशोधनाचे जहाज दरवर्षी त्याच ऋतूत, तसेच जाळे ओढून पाहते. या दोहोंवरून समुद्रात किती मासा उरला आणि त्यातील किती काढला तर बीज शिल्लक राहील, याचा अंदाज बांधतात. शास्त्रज्ञ आकडा सुचवतात, निर्णय मात्र राज्यकर्ते घेतात. या दोन पायऱ्यांच्या मध्ये जे अंतर असते, त्यातच न्यूफाउंडलंडचे दुर्दैव घडले.

१९५० च्या दशकात मासळी जागच्या जागी साफ करून गोठवणारी प्रचंड ट्रॉलर जहाजे त्या समुद्रात शिरली. १९६८ साली एका वर्षात सुमारे ८,१०,००० टन उत्तरी कॉड काढण्यात आला. त्यानंतर मासळी झपाट्याने घटली. १९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत आपला हक्क सांगितला आणि परदेशी जहाजांना आवर घातला. आता आपला समुद्र आपल्या हाती आला, असे सर्वांना वाटले. सरकारने शास्त्रज्ञ नेमले, वार्षिक मर्यादा ठरवली आणि स्वदेशी ट्रॉलर वाढवले.

येथे शास्त्रज्ञांचीही चूक झाली. ट्रॉलरना मिळणारी मासळी कमी होत नाही, म्हणजे साठा वाढत आहे, असे त्यांनी धरले. ओढा आटू लागला की उरलेल्या डोहात मासे दाटतात. त्या डोहात जाळे टाकणाऱ्यास ओढा भरलेलाच वाटतो. ट्रॉलरच्या यंत्रांना मासळीचे असे डोह अचूक सापडत होते. याउलट किनाऱ्याजवळ छोट्या होडीतून मासे धरणारे कोळी सांगत होते, की मासा कमी येतो आहे आणि येतो तोही लहान. १९८६ साली त्यांच्या संघटनेने विद्यापीठातील शास्त्रज्ञांकडून स्वतंत्र अहवाल करून घेतला. साठ्याचा सरकारी अंदाज फुगलेला आहे, असे त्यातही निघाले. त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

अखेर सरकारी शास्त्रज्ञांनाही आपली चूक उमगली. १९८८ साली मर्यादा २,६६,००० टन होती. १९८९ साठी त्यांच्या नियमानुसार ती १,२५,००० टनांवर यायला हवी होती. मंत्र्यांपुढे प्रश्न उभा राहिला : कारखाने बंद पडले तर गावांनी खावे काय? त्यांनी २,३५,००० टनांना परवानगी दिली. ही दया त्याच गावांवर उलटली. २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांना उत्तरी कॉडची मासेमारी पूर्णपणे थांबवावी लागली. सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार गेला आणि तरुण मंडळी बेट सोडून निघाली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी ३२ वर्षे टिकली. जून २०२४ मध्ये ती उठवण्यात आली, तीही केवळ १८,००० टनांच्या मर्यादेने, आणि ती घाईने उठवली अशी टीका तेव्हाही झाली.

याच्या शेजारी उत्तर समुद्रातील हेरिंगची हकिकत ठेवून पाहावी. तेथेही हेरिंग जवळजवळ संपली आणि १९७७ साली मासेमारी बंद करावी लागली. बंदीनंतर साठा सावरला, मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि १९९० च्या दशकात पुन्हा उतरण दिसू लागली. या वेळी १९९६ साली शास्त्रज्ञांनी वर्षाच्या मध्यावरच इशारा दिला आणि युरोपीय संघ व नॉर्वे यांनी चालू वर्षाचीच मर्यादा निम्मी केली. कोळ्यांचे त्या वर्षी नुकसान झाले, पण काही वर्षांतच साठा पुन्हा भरला. शास्त्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक पडला तो ऐकण्याच्या वेळेत.

आम्हांस ही कथा दूरची वाटत नाही. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्याची रीत वाडवडिलांपासूनची आहे. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी कायद्याने असते. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था कोणत्या मासळीचे बीज टिकले आणि कोणत्या मासळीचे खालावले, याचे हिशेब मांडत असते. तिच्या शिफारशींवरून २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा धरू नये, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला.

मान देणे सोपे असते. बाजारात बोटाएवढ्या पापलेटचा वाटा दिसला की तो विकणारी, विकत घेणारा आणि त्याकडे काणाडोळा करणारा अधिकारी, असे तिघेही १९८९ च्या त्या मंत्र्यांच्या जागी उभे असतात. आजची चूल पेटली पाहिजे, हे खरेच आहे. परंतु न्यूफाउंडलंडच्या गावांत नेमकी आजच्या चुलीची काळजी वाहताना पुढच्या पिढीची चूल विझली. सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांनी लहान होडीतल्या कोळ्याचे ऐकावे आणि आपण सर्वांनी कडू सल्लाही वेळेत ऐकावा, एवढाच धडा त्या बेटाच्या इतिहासातून आम्ही घेतो.