चाकाचा नट सुटत नाही तेव्हा...

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि वर्धा जिल्ह्यातील सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून वेगवान वाहतूक सुरू झाली. मे महिन्यातील दुपारी येळाकेळी ते विरूळदरम्यान टायर पंक्चर झाला, तर जवळपास ना सावली असते, ना टायरवाल्याचे दुकान. डिकीत स्टेपनी असते, जॅक असतो, पानाही असतो; पण चाकाचा नट मात्र जागचा हलत नाही. ही अडचण रस्त्यावर उघड होत असली, तरी तिचे मूळ बहुतेक वेळा आधीच्या टायर बदलण्यात असते.

नट घट्ट का बसतो?

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर दाबून धरतो. आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के जोर आट्यांमधील आणि नटाच्या बैठकीवरील घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताणासाठी उरतो तो जेमतेम १० टक्के. पावसाळ्यातील चिखलपाण्याने आटे गंजले, की हे घर्षण आणखी वाढते.

बहुतेक लहान मोटारींच्या नटांना साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरेसा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. दुकानातील हवेच्या दाबावर चालणारी गन मात्र बेतशीर न वापरल्यास काही क्षणांत याच्या दुप्पट-तिप्पट पीळ देऊ शकते. गाडीसोबतच्या पान्याचा दांडा २५ सेंटिमीटरचा असेल, तर त्यावर ४० किलो भार दिल्यास सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. ३०० न्यूटन-मीटरने आवळलेल्या नटासाठी त्याच दांड्यावर १२० किलोंचा भार लागेल. म्हणजेच येथे दोष चालकाच्या मनगटाचा नसून दांड्याच्या लांबीचा असतो.

सोडवण्याची पद्धत

प्रथम गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, शक्य तितकी आत आणि सपाट जागी घ्यावी. धोक्याचे दिवे लावावेत, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करावे. चाक वाहतुकीच्या बाजूचे असेल आणि जागा अपुरी असेल, तर काम सुरूच करू नये. हिंगणघाटवरून जाणाऱ्या क्रमांक ४४ सारख्या राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो.

नट नेहमी चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. जॅकवर उचललेल्या गाडीवर जोर लावल्यास ती घसरण्याची भीती असते. हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड लावावा. पाना नटावर पूर्ण आत बसवून त्याचा दांडा डावीकडे, जमिनीला समांतर येईल असा ठेवावा आणि शरीराचा भार हळूहळू खाली द्यावा. दांड्यावर उड्या मारू नयेत. पाना निसटतो, नटाचे कोपरे झिजतात आणि पायाला इजा होते.

तरीही नट हलला नाही, तर दांड्यात मजबूत लोखंडी पाइप घालून तो लांबवावा. लांबी ७५ सेंटिमीटर झाली, की त्याच ४० किलो भारातून ३०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. गंजलेल्या नटाला गंज सोडवणारे तेल लावून १०-१५ मिनिटे थांबावे. तेल ब्रेकच्या चकतीवर जाऊ देऊ नये. नट आधी किंचित आवळून मग सोडवल्यासही गंजाची पकड कधी कधी सुटते. टायर चढवलेल्या चाकाचा नट आगीने तापवणे मात्र कटाक्षाने टाळावे. उष्णतेने टायरचा स्फोट होऊ शकतो.

नटाचे कोपरे गोल झाले असतील किंवा नटाबरोबर बोल्टही फिरत असेल, तर तेथेच थांबून कारागिराला बोलवावे. एखादा नट वेगळ्या आकाराचा दिसल्यास तो चोरीप्रतिबंधक असण्याची शक्यता असते. त्याची किल्ली बहुधा डिकीत किंवा कप्प्यात सापडते. सर्व नट अर्धा फेरा सैल झाल्यावरच जॅक लावावा.

बसवताना घ्यायची काळजी

‘जितका घट्ट, तितका सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट कमकुवत होऊन तुटू शकतो आणि विषम दाबामुळे ब्रेकची चकती वाकडी होऊन गाडी थरथरते. आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. पुस्तिकेत सांगितले नसेल, तर त्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. वंगणामुळे घर्षण घटते आणि तेवढ्याच जोराने बोल्ट अधिक ताणला जातो. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून पहिले काही आटे हातानेच फिरवावेत. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळून, चाक जमिनीवर आल्यावर अखेरचा पीळ द्यावा. ५० ते १०० किलोमीटर प्रवासानंतर नट पुन्हा तपासावेत.

टायरच्या दुकानात गनने नट केवळ टेकवून अखेरचा पीळ टॉर्क पान्याने देण्याचा आग्रह धरावा. घरी परतल्यावर गाडीतल्याच पान्याने प्रत्येक नट एकदा सोडवून पुन्हा योग्य तेवढा आवळावा. घरच्या अंगणात नट सुटला नाही, तर दुकान जवळ असते; महामार्गावर ती सोय नसते. घरातील जो कोणी गाडी चालवतो, त्या प्रत्येकाने ही परीक्षा स्वतः करून पाहावी आणि आपल्या ताकदीला पुरेल एवढा लांब दांड्याचा पाना डिकीत कायम ठेवावा.