बालाघाटचा उतार आणि द्राक्षाची वेल

आमचा एक पुतण्या लातूर जिल्ह्यांत शेती करतो. बालाघाटच्या उतारावर त्याची थोडी मुरमाड जमीन आहे. गेल्या दिवाळींत तो आला, तो एक प्रश्न घेऊनच. वाइनच्या द्राक्षाची वेल फारशा पाण्यावांचून जगते, युरोपांत डोंगरउतारावर ती कोरडवाहूच वाढवितात. मग आपल्या माळावर ती कां लावूं नये, असें त्याचें म्हणणें. कर्ज काढण्यापूर्वीं त्यास काकांचा अभिप्राय हवा होता. आम्हांस नांगर धरण्याचा अनुभव नाहीं. परंतु इतिहासाच्या अध्यापकास अशा प्रश्नाचें उत्तर मागील काळांत शोधण्याची खोड असते.

मराठवाड्यास द्राक्ष नवें नाहीं. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून १३४२ मध्यें चीनकडे निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता वाटेंत दौलताबादेस उतरला होता. तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, अशी नोंद त्यानें ठेविली आहे. वाचकांस ही प्रवाशाची अतिशयोक्ति वाटेल. पण तींत तथ्य आहे. थंड देशांत वेल हिवाळ्यांत पानें टाकून निजते. आपल्या उष्ण हवेंत तिला तशी झोप लागत नाहीं. आज आपले बागाईतदार बहर एकच घेतात, तरी छाटण्या दोन करतात: एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळछाटणी. पहिलीनें नव्या काड्या फुटतात व त्यांच्या डोळ्यांत पुढील घड आकारास येतो. दुसरीनें तो बाहेर पडतो.

आतां युरोपाकडे पाहूं. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवितात, म्हणजे वाऱ्यापासून घडांचें रक्षण होतें. तेथील माती ज्वालामुखीची, आणि आपला काळा पाषाणहि ज्वालामुखीचाच. परंतु पावसाचें साम्य नाहीं. भूमध्य समुद्राकांठीं तो हिवाळ्यांत, वेल निजलेली असतांना पडतो. ती जागी होते तेव्हां मुळांशीं ओल असते. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. त्या ओलीवर ऑक्टोबरची छाटणी एक वेळ निभावेल. एप्रिलची कशी निभावणार? नवी पालवी ऐन वैशाखांत मागावयाची, आणि मुरमाड उतारांत तोंवर ओल म्हणून उरलेली नसते. एप्रिलांत या जिल्ह्याची काय अवस्था होऊं शकते, हें २०१६ सालीं सर्व देशानें पाहिलें. त्या वर्षीं १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. आणि तें पाणी माणसांच्या पिण्यासाठीं होतें.

कोरडवाहू शेतीचें शास्त्र आपल्याकडे नाहीं असें मात्र नव्हे. १९३३ मध्यें सोलापुरास त्यासाठीं संशोधनकेंद्र निघालें; निजामाच्या राज्यांत रायचुरासहि तसें केंद्र झालें. बांध घालणें, खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी, ही त्या शास्त्राची शिकवण. पण ती मुख्यतः ज्वारीसारख्या पिकांसाठीं होती. ज्वारी उन्हाळ्याच्या आंत घरीं येते. द्राक्षवेलीस तो शेतांतच काढावा लागतो.

आणखी एक जुनी साक्ष नांदेड जिल्ह्यांत आहे. कंधारास राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग तलाव आजहि दाखवितात. या मुलखांत नगर वसवावयाचें तर पाणी अडविलें पाहिजे, हें त्या राजांस ठाऊक होतें.

पुतण्यास आम्हीं लिहिलें: कर्ज काढावयाचेंच तर प्रथम बांध व शेततळें यांसाठीं काढ. उताराच्या पायथ्याशीं, जेथें माती वाहून येऊन सांचते, तेथें चार ओळी लावून पाहा. आणि एप्रिलपुरतें पाणी राखून ठेव.

त्याचें उत्तर आलें, "काका, मग ही कोरडवाहू बाग कसली?" त्याचें म्हणणें खरें आहे. त्याच्या मनांतील बाग ही नव्हेच. पण उत्तराच्या शेवटीं, शेततळ्याची आंखणी झाली असून खणण्यास माणसें लावलीं आहेत, असेंहि त्यानें लिहिलें होतें. वेलींचा उल्लेख त्यांत नव्हता, आणि आम्हांस त्याचें वाईट वाटलें नाहीं.