रिकाम्या टाकीची गोष्ट

मोटारीची पेट्रोलची टाकी गळू लागली की जुन्या ड्रायव्हरांना पहिली आठवण होते ती साबणाच्या वडीची. कपडे धुण्याचा साबण घ्यायचा, भोकावर घासून घासून बसवायचा आणि गाडी कशीबशी मुक्कामाला न्यायची. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून ही युक्ती थोडा वेळ चालते. पण पुढे काय? पुढे कारागीर लागतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडमागे असा एक कारागीर होता. हात मोठा सफाईदार. एकदा एका जीपची टाकी त्याच्याकडे आली. त्याने ती उतरवली, पेट्रोल ओतून काढले, दिवसभर उन्हात उपडी ठेवली. संध्याकाळी गॅसची ज्योत लावली मात्र, टाकी शिवणीतून फाटली. जीव वाचला, पण एक डोळा गेला. पुढे कितीतरी वर्षे तो एकच वाक्य म्हणे, "अहो मास्तर, आत थेंब नव्हता हो!"

त्याचे म्हणणे खरे होते. त्याची चूक अशी की, तो थेंब शोधत होता. पेट्रोल पातळ रूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. शंभर भाग मिश्रणात वाफ साधारण दीड भागापेक्षा कमी असेल तर ती पेटत नाही, साडेसात भागांच्या वर गेली तरीही पेटत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकामी केलेल्या टाकीत मात्र हवा शिरते, पत्र्याच्या शिवणीत दडलेले पेट्रोल वाफ सोडत राहते, आणि दोघांचे नेमके नको तेच प्रमाण जमून येते. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातकी.

ही गोष्ट माणसाला कळली कशी? तिचा इतिहास मोटारीहून जुना आहे. इंग्लंडातील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत 1812 साली स्फोट होऊन 92 माणसे आणि पोरे मेली. खाणीत साठणारा वायू आणि कामकऱ्याच्या हातातला उघडा दिवा, ही त्या काळच्या अशा अपघातांची नेहमीची जोडी. 1815 साली सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने हे काम हाती घेतले. त्याला आढळले की, हवा फार कमी किंवा फार जास्त असली की हा वायू भडकत नाही. मधल्या प्रमाणातच तो स्फोट करतो. बारीक तारेच्या जाळीतून ज्योत पलीकडे जात नाही, हेही त्याने दाखवले आणि त्यातून खाणीचा सुरक्षित दिवा जन्मला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

पुढे 1859 साली अमेरिकेत ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि घरोघर रॉकेल आले. त्याबरोबर दिव्यांचे भडकेही आले; कारण लोभी व्यापारी रॉकेलात हलके, लवकर उडून जाणारे तेल मिसळत. मग तेल सुरक्षित की घातकी हे ठरवायचे कसे? फ्रेडरिक एबल याने झाकणबंद पेल्यात तेल हळूहळू तापवून, वरची वाफ किती अंशांवर क्षणभर पेट घेते हे मोजण्याचे उपकरण केले. 1879 साली ब्रिटिश कायद्याने ते स्वीकारले. आपल्याकडच्या 1934 च्या पेट्रोलियम कायद्याचा पायाही हीच कसोटी. रॉकेलच्या वाफेला पेट घ्यायला चांगली ऊब लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेटू शकते.

तुम्ही म्हणाल, हे सारे जुने झाले. तसे नाही. 17 जुलै 1996 रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले एक जंबो जेट विमान उड्डाणानंतर बारा मिनिटांत आकाशातच फुटले. 230 माणसे गेली. चार वर्षांच्या चौकशीनंतर निष्कर्ष निघाला, तो असा: मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतील वाफेचा स्फोट. खालच्या यंत्रांच्या उष्णतेने टाकी तापली होती, आणि ठिणगी बहुधा विजेच्या तारांतून आली असावी. त्यानंतर 2008 साली अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांच्या अशा टाक्यांतील वाफ पेटण्याजोगी राहू नये असा नियम केला. त्यासाठी टाकीत नायट्रोजनचे प्रमाण वाढवलेली हवा सोडतात. जे आमच्या गावच्या कारागिराला ठाऊक नव्हते, त्याचा विसर जगातल्या शहाण्यांनाही पडला होता!

तेव्हा टाकी गळली तर काय करावे? गाडी उघड्यावर उभी करा. विडी-काडी, स्टोव्ह दूर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीसरशी पसरते आणि खड्ड्यात साठून राहते. जाणत्या कारागिराकडून टाकी उतरवून घ्या. तो ज्योत काढू लागला, तर हात धरून विचारा, "आत वाफ नाही याची खात्री कशी केली?" 'उन्हात वाळवली', 'पाण्याने विसळली', 'वास येत नाही' ही उत्तरे पुरी नव्हेत. वाफाऱ्याने नीट धुऊन, पेटता वायू मोजणाऱ्या यंत्राने तपासून, आत कार्बन डाय-ऑक्साइडसारखा न जळणारा वायू भरूनच असे काम करतात. प्लॅस्टिकच्या टाकीला तर ज्योत लावायचा प्रश्नच नाही. एवढी साधने जवळ नसतील तर नवी टाकी बसवावी. तिला पैसे पडतात खरे. पण आमच्या त्या कारागिराने त्या दिवशी मजुरी किती घेतली असती, याचा हिशेब मी अनेकदा केला आहे. तो एका डोळ्याच्या जवळपासही येत नाही.